नावरास

पाडव्याला पंचांग वाचताना शामकांत सर कुंभ रास सगळ्यांत शेवटी घेत. खरं तर कुंभेनंतर मीन येते, पण घोडेगावच्या मारुतीच्या देवळात पंचवीस-तीस वर्षं मीन आधी आणि कुंभ मागून, असाच क्रम चालत आला होता. मीन संपली की सर पंचांगावर पेन्सिल तीनदा आपटत, उपरण्यानं चष्मा पुसत आणि म्हणत, "आता आमचं काय म्हणतोय ते बघू." सभामंडपात हशा पिके. सगळ्या गावाचं बरंवाईट सांगणारा माणूस स्वतःच्या पानाशी आला की जरा सावरून बसतो, याची लोकांना मोठी मौज वाटायची.

दोन हजार पंचविसातला पाडवा रविवारी आला. आदल्या रात्रीच शनी कुंभ सोडून मीनेत गेला होता, त्यामुळे देवळात नेहमीपेक्षा दुप्पट माणूस होतं. शिंगणापूर हाकेच्या अंतरावर; या भागात शनीनं घर बदललं की त्याची चर्चा कांद्याच्या भावासारखी चहाच्या टपरीवरसुद्धा होते.

"चंद्राचं काय," सर सांगत होते, "तो सव्वादोन दिवसांचा पाहुणा. त्याचं रुसणंफुगणं मनावर घ्यायचं नाही. गुरू वर्षभर राहतो, राहू-केतू दीड वर्ष. शनी मात्र अडीच वर्षं बिऱ्हाड मांडतो. जो लवकर हलत नाही, त्याच्याच चुलीचा धूर भिंतीवर बसतो."

"सर, ते राहू द्या, मकरेचं काय ते सांगा आधी!" मागून गहिनीनाथ ओरडला. गहिनीनाथ म्हशींचा व्यापारी, शुक्रवारच्या बाजारात त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू येई.

"मकर सुटली, गहिनीनाथा. काल रात्री तुझी साडेसाती संपली."

"खरं?"

"पंचांगात आहे."

"आईशप्पत! साडेसात वर्सं एक म्हैस धड लाभली न्हाई. बायको म्हनायची तुमच्यात खोट हाय, मी म्हनायचो शनीत हाय. आता काय कारन सांगू तिला?"

"आता तुझ्यातच खोट आहे म्हणून सांग," सर म्हणाले आणि मंडप हसून लोळला.

मनवा खांबाला टेकून बसली होती. सरांची एकुलती एक मुलगी, वय बेचाळीस. नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. रोज एसटीनं जायची आणि यायची. तिचा या कशावर विश्वास नव्हता आणि तसं ती वडिलांना सांगतही असे. पण पाडव्याचं वाचन तिनं कधी चुकवलं नव्हतं. दादा वाचायला लागले की त्यांचा आवाज तरुण होई, तेवढ्यासाठी ती येई.

मीन झाली. पेन्सिल तीनदा वाजली. सरांनी चष्मा पुसला.

"आता आमचं बघू. कुंभ. मधली अडीच वर्षं संपली. आता उतरता शनी, पायांतून जायचा. रखडलेली कामं हळूहळू मार्गी लागतील." त्यांनी मान वर करून खांबाकडे पाहिलं. "दवाखान्याचीसुद्धा. आता झालं का समाधान, ग्रंथपालबाई?"

लोक तिच्याकडे वळून हसले. तीही हसली.

दवाखान्याचं असं होतं. जानेवारीत सरांच्या छातीत दोनदा कळ आली होती. नगरच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हटलं, शक्य तितक्या लवकर. सरांनी पंचांग उघडलं. शनी कुंभेत आहे तोवर अंगाला हत्यार लावायचं नाही, एकोणतीस मार्च उलटू दे, मग तू म्हणशील तिथं येतो, असं त्यांचं म्हणणं. मनवा दोन महिने भांडली.

"दादा, शनी म्हणजे वायूचा एक मोठा गोळा आहे. त्याला तुमची छाती कुठं आहे तेही माहीत नाही."

"वायूचाच त्रास आहे मला. डॉक्टरला कळत नाही, शनीला कळतं."

शेवटी तीन एप्रिलची तारीख ठरली. गुरुवार.

पाडव्याच्या दुपारी जेवण झाल्यावर सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि नगरच्या साप्ताहिकासाठीचा वार्षिक लेख बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करू लागले. हात कापत असल्यामुळे चार वर्षं ते असंच करत. मनवा ऐकून टाइप करून देई. लेखाचं नाव दर वर्षी तेच, 'मंदगतीचे ग्रह आणि बारा राशी'. या खेपेला ती शेजारीच बसून टाइप करत होती. सिंहेपाशी आल्यावर ते थांबले.

"हे नीट लिही, तुझी रास आहे. सिंहेला शनी आठवा आला. अडीच वर्षं शरीराला जपावं. सिंहेचा अंमल हृदयावर असतो, तेव्हा छातीची, रक्तदाबाची तपासणी आज-उद्या म्हणून लांबवू नये. शनी बदलण्याच्या आत झाली असती तर उत्तम. राहिली असेल तर एक दिवसही थांबू नये." मग फोनवर हात ठेवून, "तूही करून घे हो. गुरुवारी माझ्याबरोबरच. एका खेपेत दोघांचं."

मनवाची बोटं कीबोर्डवर थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. 'लांबवू नये' का 'लांबवू नका'?"

"नये. हुकूम कशाला करायचा, आपण काय शनी आहोत?"

तिनं 'नये' लिहिलं. सांगावं, आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, चारच दिवस उरलेत. गुरुवार होऊ दे. तपासणी झाली, माणूस घरी आला, की चहाच्या वेळी सांगू. तेव्हा चिडतील आणि चिडले तरी चालेल.

संध्याकाळी त्यांनी दवाखान्याची पिशवी भरायला काढली. दोन धोतरं, दाढीचं सामान, पंचांग आणि टोक केलेली पेन्सिल. "तिथं कुणी ना कुणी रास विचारणारच," ते म्हणाले. मग गुढीच्या साखरगाठीचा एक तुकडा तोडून अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. रात्री नऊला दिवा मालवला.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती चहा घेऊन गेली. ते कुशीवर होते, भिंतीकडे तोंड करून. चहावर साय धरेपर्यंत ती उभी राहिली. त्यांना हाक मारायची हिंमत तिला होत नव्हती, कारण हाक मारली की ती ऐकू गेली नाही हे कळलं असतं.

शनीला मीनेत जाऊन दीड दिवसही झाला नव्हता.

*

आता मनवानं जे सांगितलं नव्हतं, ते असं होतं.

शामकांत सरांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. दाखल्यावर एक जून एकोणीसशे एक्कावन्न होती, पण त्या तारखेला काही अर्थ नव्हता. त्या काळी शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख आईबापाला सांगता आली नाही, की मास्तर एक जून लिहून मोकळे होत. गावातले निम्मे म्हातारे एक जूनचे. सर स्वतः मास्तर झाले तेव्हा त्यांनी हे कधी केलं नाही. नाव घालायला आलेल्या बाईला ते समोर बसवून विचारत, "पोळ्याच्या आधी का नंतर? बाजरी काढली होती का? दिवा लावला होता की उजाडलं होतं?" आणि पंचांगांचा ढीग उपसून तारीख शोधून देत. दोनेकशे पोरांना त्यांनी जन्मतारखा दिल्या. स्वतःची मात्र मिळाली नाही. त्यांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. वडिलांना इतकंच आठवत होतं, की थंडी होती, बाळंतपण अडलं होतं आणि बाईला बैलगाडीतून नगरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं.

जन्मवेळ माहीत नसली, की नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास धरतात. त्याला नावरास म्हणतात. शामकांतातला 'शा' कुंभेत येतो, म्हणून सर कुंभेचे. दुसऱ्यांच्या पत्रिका अंश-कला-विकलांपर्यंत मांडणारा माणूस स्वतःपुरता एका अक्षरावर भागवत होता आणि ते त्याला सलत होतं.

मनवाची आई अंबिका दोन हजार अठरामध्ये गेली. पोटाचा कर्करोग होता, उपचार चालू होते आणि डॉक्टर अगदीच नाही म्हणत नव्हते. भाद्रपदात एक दिवस तिनं नवऱ्याला विचारलं, "पत्रिका बघून खरं सांगा. कधीपर्यंत?" तिची धनू रास, शनी धनूतच ठाण मांडून बसलेला. सर खोटं सांगू शकले असते. पत्रिका समोर असताना त्यांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "दिवाळी ओलांडलीस, तर पुढं चांगलं आहे."

तिनं पहिलं अर्धंच वाक्य ऐकलं. दसऱ्यानंतर तिनं आपल्या साड्या जावा-नणंदांना वाटून टाकल्या. गोळ्या उशीखाली सापडू लागल्या. मनवा रडून, चिडून, हात जोडून थकली. "अगं, ह्यांनी सांगितलंय," एवढंच ती म्हणे, जणू गाडीची वेळ कळली होती आणि आता धावपळ करायचं कारण उरलं नव्हतं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती गेली.

मनवा वडिलांना एक शब्द बोलली नाही. स्वयंपाक केला, औषधं दिली, लेख टाइप केले. पण 'आईला तुम्ही का सांगितलंत' हा प्रश्न त्या दोघांच्या मध्ये ताटासारखा मांडलेला असे. रोज जेवताना तो ओलांडूनच वाढावं लागे.

पुढच्या वर्षी, एकोणिसाच्या शेवटी, सर म्हणाले, "मनू, जानेवारीत शनी मकरेत येतोय. कुंभेला साडेसाती लागणार. पण मी कुंभेचा आहे की नाही तेच पक्कं नाही. तू नगरला रोज जातेस, एकदा त्या दवाखान्यात विचारशील? जुनी रजिस्टरं असतील कुठं तरी."

तिनं विचारलं. तिथून निवृत्त झालेल्या रूथ सिस्टर कॉलेजमागच्या गल्लीत राहत. वाचनालयातून भक्तिपर पुस्तकं नेत, म्हणून ओळखीच्या. त्यांनी स्वतः येऊन माळ्यावरच्या पेट्या उघडायला लावल्या. तिसऱ्या पेटीत एक्कावन्नचं रजिस्टर निघालं. पानं कडेनं तपकिरी झालेली, पण शाई शाबूत होती.

"हे बघ. घोडेगाव. बापाचं नाव हेच ना? मुलगा, सहा पौंड. वेळसुद्धा लिहिलीय बघ, आमच्या त्या काळच्या सिस्टर फार शिस्तीच्या." रूथ सिस्टरना तिच्याहून जास्त आनंद झाला होता. "आमच्यात रासबीस नसते गं, पण मरताना माणसाला आपला वाढदिवस ठाऊक असावा. जा, आजच सांग त्यांना."

मनवानं ग्रंथालयाच्या कोऱ्या कार्डावर उतरवून घेतलं. एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर त्या वेळचं पंचांग पाहिलं. चंद्र सिंहेत होता, मघा नक्षत्रात; म्हणजे रास सिंह. कुंभेच्या बरोबर समोर.

घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. दादा स्वतःची पत्रिका मांडतायत, पेन्सिल फिरतेय, फिरता फिरता एका जागी थांबते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आपली धोतरं वाटायला काढतात. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट तिनं स्वतःशीसुद्धा नीट बोलून दाखवली नव्हती. पत्रिकेत जे दिसेल ते खरं सांगितलंच पाहिजे, असं म्हणणाऱ्या माणसाला एक गोष्ट खरी न सांगता ठेवावी, असं तिला त्या संध्याकाळी फार वाटलं.

"मिळालं?" त्यांनी दारातच विचारलं होतं.

"त्या वर्षांची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली."

सर म्हणाले, "वाळवीलासुद्धा काही दशा असेल की चांगली," आणि आत जाऊन पेन्सिलला टोक करत बसले. लाकडाच्या भुश्श्याचा एवढा मोठा ढीग झाला, तरी ते टोक करतच होते.

त्यानंतर त्यांनी कुंभ रास मनापासून पत्करली. पाच वर्षं दर शनिवारी उपास, मारुतीला तेल, पायात काळ्या चपला. गुडघा दुखला, कुंभ. पेन्शनचं काम अडलं, कुंभ. दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेलं टपाल आपलं म्हणून सोसावं, तसा तो शनी त्यांनी सोसला. आणि जानेवारीत छातीत कळ आली तेव्हा त्याच पत्त्याकडे बघून ते थांबले.

*

दहाव्याला रूथ सिस्टर आल्या. काठी टेकत, नातीचा हात धरून. त्यांनी मनवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "तेव्हा तारीख सांगितलीस, काय म्हणाले गं?"

"हसले," मनवा म्हणाली.

"बरं झालं. बरं झालं बाई. देव त्यांना विसावा देवो."

तो दुसरा खोटेपणा. पहिला कबूल करायला निदान दादा जिवंत होते. हा कुठं ठेवावा हे तिला कळेना.

सरांचा मोबाईल वाजतच राहिला. बातमी न कळलेले लोक विचारत, "सर, वृश्चिकेचं काय?" ती सांगे, सर गेले. पलीकडे हळहळ, मग थोडं चाचरत, "मग... तुम्ही सांगाल का?" पहिल्या महिन्यात ती फोन ठेवून देई. दुसऱ्या महिन्यात तिनं पंचांग उघडून वाचून दाखवलं. तिसऱ्या महिन्यात ती न बघता सांगू लागली आणि एका दुपारी पलीकडची बाई म्हणाली, "अगदी सरांवानी बोलता बघा, मला वाटलं तेच हायेत." मनवानं फोन कानापासून दूर धरला आणि त्याकडे बघत राहिली.

पेन्सिलीचा आवाज पावसाळ्यात सुरू झाला. संध्याकाळी ती ओट्याशी असली, की बाहेरच्या खोलीत टक, टक, टक. तीनदा. ती जाऊन बघे. खुर्ची रिकामी, खिडकीच्या फळीवर पेन्सिल आडवी. खिडकी वाजत असेल म्हणून तिनं खुंटी मारली. पाल असेल म्हणून फळी पुसली. आवाज रोज येत नसे, आणि त्याचंच तिला भय वाटे. शनिवारी मात्र चुकत नसे. एका शनिवारी ती साबुदाणा भिजवत असताना तिच्या ध्यानात आलं, की या घरात आता उपास करणारं कुणी नाही. तरी तिनं खिचडी केली. केली आणि खिडकीजवळ नेऊन ठेवली, आणि ताट तसंच परत आणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

शनीला न मानणारी मनवा रोज शनी कुठं आहे ते बघू लागली. जुलैत तो वक्री झाला, म्हणजे पृथ्वीवरून बघताना मागं सरकू लागला. तिनं ग्रहांची कोष्टकं दोनदा, तीनदा तपासली. मागं सरकत सरकत तो कुंभेत परत जाईल का? जात नव्हता. मीनेतच थोडा मागं येऊन नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा सरळ झाला. ऑक्टोबरात गुरू घाईघाईनं कर्केत शिरला आणि डिसेंबरात मिथुनेत परतला. त्याला उलटं फिरता आलं. ती बघत बसली. एवढे मोठे गोल आणि त्यांतल्या एकालाही ती एकोणतीस मार्चच्या अलीकडे आणू शकत नव्हती.

तिला आपली चूक विज्ञानात मांडता येत नव्हती. विज्ञानात चूक नव्हतीच. हट्टी म्हाताऱ्यानं तपासणी लांबवली, हृदय थांबलं. पण दादांच्या गणितात मांडलं, की ते चोख येत होतं. सिंह रास कळली असती, तर 'शनी बदलण्याच्या आत करून घ्यावी' हे वाक्य त्यांनी स्वतःला सांगितलं असतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी तिला ओढून दवाखान्यात नेलं असतं. सिंहेच्या लोकांना त्यांनी तसं सांगितलंही, आणि ते लिहून कुणी घेतलं?

शिवाय मघा नक्षत्र. तिचं जन्मनक्षत्रही मघाच, म्हणून तर 'म' अक्षर आणि मनवा नाव. एका जुन्या पोथीत तिला सापडलं, की बाप आणि अपत्य यांचं एकच नक्षत्र आलं, तर बापाला जड जातं, म्हणून जन्मल्याबरोबर शांती करतात. त्यांच्या घरी ती झाली नव्हती. कुणाला ठाऊकच नव्हतं. तिनं पोथी मिटली, कपाटात मागं सारली आणि त्यापुढं दोन कोश लावून ठेवले.

दिवाळीनंतर तिनं सरांची वही उघडली. मंदगतीच्या ग्रहांची टिपणं त्यांनी दोन वर्षं पुढंपर्यंत करून ठेवली होती, कापऱ्या अक्षरात. शेवटच्या पानावर होतं: '३ जून २०२७. शनी मेषेत. कुंभ, सुटका.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते दिवस दादा अजून मोजत बसलेत असं तिला वाटलं, त्या खुर्चीत, दुसऱ्याच्या राशीची मुदत संपायची वाट बघत. कुणी तरी सांगितल्याशिवाय ते उठणार नाहीत.

*

फाल्गुनात गहिनीनाथ आला. ओसरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ताई, पाडव्याला वाचायला मानूस न्हाई. नेवाशावरून एक गुरुजी येतो म्हनतो, पन तो मोबाईलवर बघून वाचतो. तुमी वाचाल का?"

"वर्ष व्हायचंय अजून. दुसऱ्या दिवशीच श्राद्ध आहे."

"गुढी नका उभारू. वाचायला काय झालं? सरांचंच काम हाय ते." मग घसा साफ करून, "आन एक इचारू? साडेसाती गेल्यापासून माझ्या तीन म्हशी गाभन हायेत. सर बोलले ते खरं झालं. मंग सरांचंच कसं काय चुकलं? कुंभेला बरं हाय म्हनले हुते आन दुसऱ्याच दिवशी... गावात लोक बोलत्यात. मी भांडलो एकाशी टपरीवर. म्हनलं, सर चुकनारा मानूस न्हवं."

हे मनवाला सुचलंच नव्हतं. दादा गेले ते गेलेच, वर खोटे ठरून गेले.

"येते मी," ती म्हणाली.

एकोणीस मार्च, गुरुवार. नव्या वर्षाचं नाव पराभव, आणि त्यावरून मंडपात आधीच दोन-चार विनोद होऊन गेले होते. मनवा सरांच्या पाटावर बसली नाही, शेजारी बसली. पाट रिकामा ठेवला. पंचांग उघडलं, पेन्सिल पिशवीतून काढली. ती तशीच होती, दवाखान्यासाठी टोक केलेली.

तिनं वाचलं. मेषेची साडेसाती चालू. गुरू जूनमध्ये कर्केत, तो तिथं उच्चीचा, म्हणून कर्केला बरं. सिंहेला शनी आठवाच. सिंह वाचताना ती मध्येच पाणी प्यायली, पुढं गेली. मकर आली तेव्हा गहिनीनाथ ओरडला नाही, नुसता मान खाली घालून ऐकत राहिला. मकरेनंतर कुंभ, तिनं ती ओलांडली आणि मीन वाचली. लोकांच्या लक्षात आलं. मीन संपली तशी बायकांच्या बाजूनं कुणी तरी हळूच म्हणालं, "आता सरांची."

टक, टक, टक.

पेन्सिल तिच्याच हातात होती. आपण आपटली का, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं पंचांगात कुंभेचं पान बघितलं, मग पंचांग मिटलं, आणि त्यात खुणेला ठेवलेलं पिवळं पडलेलं कार्ड बाहेर काढलं. ते वाचायची गरज नव्हती.

ती लोकांकडे वळली नाही. रिकाम्या पाटाकडे वळली.

"दादा, ही तुमची रास नाही," ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "ही तुमची रास नाही. रजिस्टर वाळवीनं खाल्लं नव्हतं. मी बघितलं होतं. एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे एक्कावन्न, बुधवार, माघी पौर्णिमा. संध्याकाळचे सात वाजून पंचवीस मिनिटं. तुमची सिंह रास आहे, मघा नक्षत्र, माझंच. सिंहेला तुम्ही थांबू नये म्हणून सांगितलंत, ते बरोबर होतं. तुमचं काही चुकलं नाही."

गहिनीनाथ उठून उभा राहिला होता. तिला तो दिसत नव्हता.

"आईला तुम्ही सांगितलंत, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही."